चार खुणांच्या सेटला हॅशसेट लागतो का?

नागपूरला परसोडीच्या आयटी पार्कमधल्या एका लहान टीममध्ये दोन वर्षं काम करणाऱ्या मुलाने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांची जावातली एक सर्व्हिस कळमना बाजारात येणाऱ्या संत्र्याच्या ढेऱ्यांची नोंद ठेवते. दर ढेरीमागे एक हॅशसेट आहे (सेट म्हणजे एकच वस्तू दोनदा न ठेवणारा संग्रह, आणि हा वस्तूवरून काढलेल्या हॅश नावाच्या आकड्याने तिची जागा ठरवतो) आणि त्यात त्या ढेरीच्या खुणा: ‘आंबिया’, ‘मृग’ (हे संत्र्याचे दोन बहार), ‘बोली झाली’, ‘तोलाई बाकी’ अशा. एका ढेरीला साधारण तीन खुणा, फार तर पाच. भर हंगामात अशा तीन लाख ढेऱ्या एकाच वेळी मेमरीत असतात. रिव्ह्यूमध्ये एक सिनिअर म्हणाले, ‘हॅशसेट काढ, आत साधा ॲरे ठेव.’ दुसरे म्हणाले, ‘ॲरेत शोधायचं म्हणजे ओ ऑफ एन, हॅशसेट ओ ऑफ वन. हे तर कॉलेजात शिकवतात.’ आणि शेवटी, ‘ताई, कोणाचं ऐकू?’

दोघंही खरं बोलतायत. पण दोघांनीही तुला आधी विचारायला हवं होतं ते विचारलं नाही: एका सेटमध्ये किती एलिमेंट असतात, आणि असे सेट किती आहेत? या दोन आकड्यांशिवाय या वादाला अर्थ नाही. तुझ्याकडे दोन्ही आकडे आहेत, त्यामुळे तुझं उत्तर निघतं. ते उत्तर मी खाली देतेच, पण मधला रस्ता तुला चालता यावा म्हणून जरा सविस्तर लिहिते. एकोणीस वर्षं हेच काम करतेय आणि या एका विषयावर मी दोन्ही बाजूंनी चुकले आहे.

टेकडी गणपतीला संकष्टीला गेलास की चप्पल स्टँडवर ठेवतोस, टोकन घेतोस. हजारो जोड असतात, टोकनाशिवाय सापडणार नाहीत. पण घरी पाच पाहुणे आले तर दारात कोणी टोकन वाटत नाही. बाहेर येऊन एक नजर टाकली की आपली चप्पल दिसते. हॅश म्हणजे ते टोकन, ॲरे म्हणजे दारातली ती चपलांची ओळ. टोकन छापायचं, खण बनवायचे, निम्मे खण रिकामे ठेवायचे, हा सगळा खर्च पाच जोडांसाठी करायचा का, एवढाच प्रश्न आहे.

ओ ऑफ एन म्हणजे एलिमेंट वाढले तसा वेळही वाढतो. पण ओ ऑफ वन म्हणजे ‘लगेच’ नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की एलिमेंट वाढले तरी लागणारा वेळ सरासरीने वाढत नाही. तो वेळ मुळात किती, याबद्दल ते चिन्ह काहीच बोलत नाही. जावाच्या हॅशसेटमध्ये एक एलिमेंट शोधताना काय होतं ते पायरीपायरीने बघ. हॅशसेट स्वतः काही करत नाही, त्याच्या पोटात एक हॅशमॅप (की आणि व्हॅल्यू अशा जोड्या ठेवणारा संग्रह) असतो, तिथे जायचं. एलिमेंटचा हॅशकोड मागायचा. त्याचे वरचे सोळा बिट खालच्या बिटांत मिसळायचे. त्यावरून टेबलातला खण काढायचा. खणातून नोडकडे उडी. नोडमधला हॅश जुळतो का बघायचं, मग नोडमधल्या की कडे उडी, मग इक्वल्स, म्हणजे दोन्ही वस्तू सारख्या आहेत का ते बघणं. यातली प्रत्येक उडी म्हणजे मेमरीतली वेगळी जागा, आणि ती जागा प्रोसेसरच्या कॅशेत (त्याच्याजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) नसेल तर मुख्य मेमरीपर्यंत जाऊन यावं लागतं. आजच्या बहुतेक प्रोसेसरांत कॅशेची एक ओळ ६४ बाइटची असते. चार बाइटचे सोळा आकडे एका ओळीत बसतात. म्हणजे सोळा पूर्णांकांचा ॲरे आखा चाळला तरी मेमरीतून एखाद-दोन ओळीच उचलाव्या लागतात.

इथे मात्र एक सूट मी देणार नाही, कारण ॲरेच्या बाजूने बोलणारे हे नेहमी गाळतात. जावात ऑब्जेक्टचा ॲरे म्हणजे ऑब्जेक्ट नव्हेत, त्यांचे पत्ते. पत्ते शेजारीशेजारी असतात, पण त्या पत्त्यांवरच्या वस्तू मेमरीत कुठेही असू शकतात. तू मागितलेली वस्तू आणि ॲरेतली वस्तू एकच असेल, म्हणजे पत्ताच जुळला, तर काम तिथेच संपलं. तुझ्या खुणा कोडमध्ये एकदाच लिहिलेले स्थिरांक असतील तर हेच होईल आणि ॲरे फार छान चालेल. पण त्या दर वेळी डेटाबेसमधून किंवा जेसनमधून नव्या स्ट्रिंग म्हणून येत असतील, तर पत्ता जुळणार नाही आणि प्रत्येक तुलनेला त्या स्ट्रिंगपर्यंत जावंच लागेल. असं असेल तर आत येतानाच खूण आपल्या स्थिरांकाशी जुळवून घे आणि सेटमध्ये तो स्थिरांकच टाक. हा बदल हॅशसेट ठेवलास तरी फायद्याचा आहे, कारण एकच ‘तोलाई बाकी’ लाखो वेळा मेमरीत पडून राहत नाही. शिवाय जावा ९ पासून इंग्रजी स्ट्रिंग अक्षराला एक बाइट घेते, पण देवनागरी त्या एका बाइटात बसत नाही, म्हणून मराठी खुणा प्रत्येक चिन्हाला दोन बाइट घेतात. काना, मात्रा, अनुस्वार हेही त्यात वेगळे मोजले जातात. आपल्या भाषेत डेटा ठेवणाऱ्याने हे लक्षात ठेवायलाच हवं.

स्ट्रिंगची तुलनाही सगळीकडे सारखी नसते. इक्वल्स आधी पत्ता बघतं, मग लांबी, मग मजकूर. ‘मृग’ आणि ‘तोलाई बाकी’ यांची लांबीच वेगळी, म्हणून मजकूर वाचायची वेळच येत नाही. पण सेटमध्ये गाड्यांचे नंबर असतील तर? एमएच ३१, एमएच ४०, एमएच ४९, नागपूरच्या रस्त्यावर हेच. सगळ्यांची लांबी सारखी, सुरुवात सारखी, फरक शेवटच्या चार आकड्यांत. तिथे प्रत्येक तुलना मजकुरात शिरते. स्ट्रिंग आपला हॅशकोड एकदा काढून जवळ ठेवते, तेव्हा अशा डेटावर हॅशचं पारडं लवकर जड होतं. ॲरे कितीपर्यंत परवडतो याचा एकच ठोक आकडा कोणी सांगितला तर विश्वास ठेवू नकोस, तो यामुळेच.

आता मेमरी. तुझ्या बाबतीत खरं उत्तर वेगात नाहीच, इथे आहे, म्हणून कागद-पेन घेऊन बस. ६४ बिट जेव्हीएम (जावाचा कोड चालवतं ते), पत्ते आखडून चार बाइटचे केलेले (हीप, म्हणजे ऑब्जेक्ट राहतात ती मेमरी, ३२ जीबीपेक्षा लहान असेल तर हे आपोआप होतं), आणि प्रत्येक ऑब्जेक्टच्या माथ्यावर १२ बाइटचा हेडर. ऑब्जेक्टचं माप आठच्या पटीत वर ओढलं जातं. हॅशसेटचा स्वतःचा ऑब्जेक्ट १६ बाइट. पोटातला हॅशमॅप ४८. पहिलं एलिमेंट पडताच सोळा खणांचं टेबल तयार होतं, ते ८० बाइट. प्रत्येक एलिमेंटसाठी एक नोड: हेडर १२, हॅश ४, की ४, व्हॅल्यू ४, पुढचा नोड ४, मिळून २८, वर ओढून ३२. तीन खुणांचे तीन नोड म्हणजे ९६. बेरीज कर: १६, ४८, ८०, ९६. झाले २४० बाइट, आणि यात खुणांच्या स्ट्रिंग धरलेल्याच नाहीत. नोडमधली ती व्हॅल्यूही बघ. हॅशसेटला व्हॅल्यू नकोच असते, पण हॅशमॅप वापरायचा म्हणून तिथे सगळ्यांना मिळून एक रिकामा ऑब्जेक्ट लावलेला असतो. सोळा खणांतले तेरा रिकामे, त्यांचे पैसे वेगळे.

ॲरेवाला सेट: ऑब्जेक्टमध्ये ॲरेचा पत्ता ४ आणि माप ४, हेडर धरून २०, वर ओढून २४. चार जागांचा ॲरे: हेडर आणि लांबी मिळून १६, चार पत्ते १६, एकूण ३२. बेरीज ५६.

तीन लाखांनी गुण. हॅशसेट ७ कोटी २० लाख बाइट, ॲरे १ कोटी ६८ लाख. ७२ एमबी विरुद्ध १७ एमबी. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते ऑब्जेक्टची संख्या. एका ढेरीमागे सहा ऑब्जेक्ट होते ते दोन झाले. १८ लाखांचे ६ लाख. नको झालेले ऑब्जेक्ट मेमरीतून काढणाऱ्या गार्बेज कलेक्टरला जिवंत ऑब्जेक्ट एकेक करून चालत जावे लागतात, तेव्हा जागेइतकाच तो चालण्याचा त्रासही वाचतो. कोटलिनमध्ये लिहीत असशील तर म्युटेबलसेटऑफ तुला लिंक्ड हॅशसेट देतो. त्याच्या नोडला पुढचा-मागचा असे आणखी दोन पत्ते लागतात आणि तो ३२ चा ४० होतो. जेडीके २५ मध्ये हेडर १२ वरून ८ बाइटवर आणायची सोय आली आहे, ती चालू केलीस तर हे आकडे थोडे खाली येतील, पण दोघांमधला फरक पुसला जाणार नाही.

हे माझ्या शब्दावर घेऊ नकोस. ओपनजेडीकेचं जेओएल नावाचं साधन आहे, ते ऑब्जेक्टचं खरं माप छापून देतं. आणि चालत्या सर्व्हिसवर जेडीकेतल्या जेसीएमडी या साधनाने क्लास हिस्टोग्राम काढ, म्हणजे कोणत्या क्लासचे किती ऑब्जेक्ट ती यादी. वरच्या पाच-सहा ओळींत हॅशमॅप नोड आणि त्याच्या टेबलाचा ॲरे दिसला तर समजायचं की लहान लहान सेट-मॅपांचं रान माजलंय. तो दिसला नाही तर हा सगळा बदल करूच नकोस, तुझा वेळ दुसरीकडे लाव.

आता लिहायचा कसा. सगळ्यात साधा प्रकार: क्रम नसलेला ॲरे आणि एक माप. ‘आहे का’ म्हणजे सुरुवातीपासून मापापर्यंत बघत जायचं. घालताना आधी ‘आहे का’ विचारायचं, नसेल तर शेवटी टाकायचं, जागा संपली तर मोठा ॲरे घेऊन उतरवून घ्यायचं. दुसरा प्रकार क्रम लावलेला ॲरे आणि त्यात बायनरी सर्च. सी प्लस प्लसच्या बूस्ट लायब्ररीतला फ्लॅट सेट असाच आहे, आणि सी प्लस प्लस २३ ने तो आपल्या स्टँडर्ड लायब्ररीत घेतला. तिसरा अँड्रॉइडचा ॲरेसेट, तो मला फार आवडतो. त्यात दोन ॲरे: एकात फक्त हॅशकोड, चढत्या क्रमाने, दुसऱ्यात त्या हॅशकोडांच्या एलिमेंट. बायनरी सर्च पूर्णांकांच्या ॲरेवरच चालतो, वस्तूंना हात लागतो तो हॅश जुळल्यावरच. म्हणजे मघाशी सांगितलेला पत्त्यांच्या उड्यांचा दोष त्यांनी ओळखून काढून टाकला. एपीआय २३ पासून तो अँड्रॉइडमध्ये आहे, त्याचा भाऊ ॲरेमॅप त्याच्याही आधी, एपीआय १९ मध्ये आला. गुगलच्या कागदपत्रांतही हे सरळ लिहिलंय की शेकड्यांपर्यंतच्या डेटासाठी हे ठीक, फार मोठ्या डेटासाठी नाही.

पाच एलिमेंटांना मात्र मी बायनरी सर्च लावत नाही. अर्ध्यात जा, डावीकडे की उजवीकडे हे ठरव, यात प्रोसेसरचा अंदाज वारंवार चुकतो आणि प्रत्येक चुकीची किंमत असते. सरळ चाळताना ‘अजून सापडलं नाही, पुढे चल’ हा अंदाज शेवटच्या पायरीपर्यंत बरोबर ठरतो. शिवाय क्रम ठेवायचा तर तुलना करायचा नियम लागतो, आणि तो इक्वल्सशी तंतोतंत जुळला नाही तर सेट खोटं बोलायला लागतो.

काढताना लोक सगळ्यात जास्त चुकतात. बहुतेकांनी पहिल्यांदा लिहिलेला कोड असा असतो:

काढ(वस्तू):
    जागा = शोध(वस्तू)
    जागा नाही तर परत खोटं
    घर[जागा] = घर[माप − १]
    माप = माप − १
    परत खरं

शेवटची वस्तू उचलून रिकाम्या जागी ठेवली, माप कमी केलं. चटकन होतं, पण यात दोन खड्डे आहेत. पहिला: शेवटच्या जागेत जुना पत्ता तसाच राहिला. सेटच्या दृष्टीने ती जागा बाहेर गेली, पण गार्बेज कलेक्टरला माप कळत नाही, त्याला पत्ता दिसतो. ती वस्तू मेमरीतून जाणार नाही. माप कमी करताना ती जागा नल, म्हणजे रिकामी, करणारी एक ओळ हवीच. दुसरा खड्डा खोल आहे. समज कोणी सेटवर फिरता फिरता इटरेटरमधून काढतंय. तिसऱ्या जागेची वस्तू काढली, तिथे शेवटची येऊन बसली, इटरेटर चौथ्या जागेवर गेला. जी येऊन बसली ती बघितलीच गेली नाही. दहापैकी नऊ वेळा टेस्टमध्ये हे सापडत नाही, कारण टेस्टमध्ये काढायची एकच वस्तू असते. उपाय दोन: काढल्यावर इटरेटरला एक पाऊल मागे घे, किंवा मुळातच शेवटाकडून सुरुवातीकडे फीर. उलटं फिरलास तर येऊन बसणारी वस्तू आधीच बघून झालेली असते.

मी स्वतः या जागी अदलाबदल करतच नाही. मागच्या सगळ्या वस्तू एक घर पुढे सरकवते. पाच पत्ते सरकवायचे म्हणजे वीस बाइट हलवायचे, त्यात वाचवण्यासारखं काही नाही. बदल्यात घातलेला क्रम टिकतो. क्रम टिकला की जेसन दर वेळी तसंच निघतं, लॉग वाचताना डोकं फिरत नाही, टेस्ट कधी पास कधी फेल होत नाहीत. याची किंमत कळण्यासाठी जावा ९ चा सेट डॉट ऑफ बघ: त्याचा फिरण्याचा क्रम जेव्हीएम नव्याने सुरू केली की बदलू शकतो, आणि कोणी त्या क्रमावर विसंबू नये म्हणून तो मुद्दाम तसा केलाय. आपल्या सेटमध्ये क्रम फुकट मिळतोय, तो घालवायचा कशाला?

ॲरे आत असला तरी बाहेरून तो सेटच दिसायला हवा, यावर मी अडून बसते. यादीचं ‘आहे का’ वापरून काम भागवू नकोस. मग कुठेतरी कोणी न तपासता एलिमेंट घालतं आणि ढेरीवर ‘बोली झाली’ दोनदा येतं. ॲबस्ट्रॅक्टसेट पासून वारसा घे. साइझ आणि इटरेटर लिहिलास की बाकीचं बरंच मिळतं, मग कंटेन्स, ॲड आणि रिमूव्ह तू आपले लिही. सेटचा हॅशकोड म्हणजे सगळ्या एलिमेंटांच्या हॅशकोडांची बेरीज, त्यात क्रम येत नाही. यादीचा हॅशकोड क्रमावर ठरतो. आत ॲरे आहे म्हणून यादीसारखा हॅशकोड काढलास, तर तुझा सेट आणि तेच एलिमेंट असलेला हॅशसेट सारखे असूनही त्यांचे हॅशकोड वेगळे निघतील आणि चूक भलत्याच ठिकाणी उगवेल. रिमूव्हऑलकडेही बघून ठेव: ॲबस्ट्रॅक्टसेटमध्ये आपला सेट समोरच्या कलेक्शनपेक्षा मोठा असेल तरच ते समोरच्यावर फिरतं, नाहीतर आपल्यावर फिरतं आणि दर एलिमेंटला समोरच्याला ‘हे तुझ्यात आहे का’ विचारतं. समोर लांबलचक यादी असेल तर प्रत्येक विचारणा म्हणजे आखी यादी.

थ्रेडचं, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांचं, थोडक्यात. अनेक थ्रेडांनी एकदम हाताळायला हॅशसेट सुरक्षित नाही, हाही नाही. वाचणारे खूप आणि बदलणारे क्वचित असतील, लिसनरांच्या यादीसारखे, तर जावात कॉपीऑनराइट ॲरेसेट तयार आहे, तोच घे. अँड्रॉइडचा ॲरेमॅप लहान ॲरे वाया न घालवता पुन्हा वापरतो आणि तो साठा सगळ्यांचा मिळून एक असतो. दोन थ्रेडांनी एकच मॅप बेशिस्तीने हाताळला तर साठा बिघडतो आणि ॲप भलत्याच स्क्रीनवर, निर्दोष कोडमध्ये पडतं. असा स्टॅकट्रेस आला तर ज्या ओळीवर पडलं तिथे दिवस घालवू नकोस.

आता माझी चूक, कारण तुझ्या पहिल्या सिनिअरचं ऐकलंस तर पुढचा धोका हाच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मालवाहतुकीच्या एका प्रोजेक्टवर गाडीच्या थांब्यांसाठी मी असाच ॲरेवाला सेट लिहिला. गाडीला सहा ते दहा थांबे, काम चोख झालं. क्लासला नाव दिलं फास्टसेट. सहा महिन्यांनी टीममधल्या एकाने अपलोड झालेल्या फायलीतल्या दुबार ओळी गाळायला तोच घेतला. नाव फास्टसेट असताना दुसरं काय घेणार तो? रोजच्या फायलीत चाळीस हजार ओळी. दर ओळ घालताना आधीच्या सगळ्या चाळायच्या, म्हणजे एकूण जवळजवळ ८० कोटी तुलना. अपलोड संथ झालं, पण नेटवर्कवर ढकललं गेलं. महिनाअखेरीची फाइल आली एक लाख वीस हजार ओळींची. ओळी तिप्पट, तुलना नऊपट, ७२० कोटी. स्क्रीन टाइमआउट, फाइल अर्धवट, माणसांनी रात्रभर हाताने नोंदी केल्या. दोष त्या मुलाचा नव्हता. मर्यादा माझ्या डोक्यात होती, क्लासच्या नावात नव्हती आणि कोडमध्येही नव्हती.

तेव्हापासून मी असा क्लास दोन गोष्टींशिवाय लिहीत नाही. नावात ‘लहान’ हा शब्द. आणि आत उंबरठा: माप ठरावीक आकड्यापुढे गेलं की सेट स्वतःच आतून हॅशसेटवर जातो, बाहेरच्याला कळतही नाही. दारात पाच जोड असताना टोकन नको, पण लग्नाला दोनशे माणसं आली की माणूस बसवावाच लागतो.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही. एलएलव्हीएम कंपायलरमधला स्मॉलपीटीआरसेट लहान असताना सरळ चाळतो आणि भरला की हॅश टेबल होतो. क्लोजर भाषेचे मॅप आठ जोड्यांपर्यंत ॲरे असतात, पुढे हॅश. स्काला भाषेत तर एक ते चार एलिमेंटांच्या न बदलणाऱ्या सेटसाठी चार वेगळे क्लास आहेत, त्यात ॲरेही नाही, नुसती फील्ड. रेडिस या डेटाबेसमध्ये नुसत्या पूर्णांकांचा सेट मुळात ५१२ एलिमेंटांपर्यंत क्रम लावलेला ॲरे असतो, आणि ७.२ पासून इतर लहान सेटही १२८ पर्यंत एका सलग पट्टीत ठेवले जातात. आठ, १२८, ५१२: उंबरठे इतके वेगळे का? क्लोजरला सामान्य ऑब्जेक्टांची तुलना करायची असते, रेडिसच्या पूर्णांकांना बायनरी सर्च मिळतो आणि त्यांचा पहिला हेतू मेमरी वाचवणं हा आहे. उंबरठा डेटावरून ठरतो, भाषेवरून नाही. एवढंच कशाला, गो भाषेचा जुना मॅपही एका बकेटमध्ये आठ जोड्या ठेवून त्या चाळतच असे. हॅश तुला योग्य बकेटपर्यंत नेतो, आत गेल्यावर पुन्हा लहान ॲरेच.

तुझा उंबरठा मी ३२ ठेवला असता. तो मोजून बदल. मोजताना जेएमएच हे जावाचा वेग मोजायचं साधन वापर, हाताने लूप लिहून घड्याळ लावू नकोस. निकाल कुठे वापरलाच नाही तर कंपायलर आखं कामच उडवतो आणि तुला शून्य दिसतं. ‘सापडलं’ आणि ‘नाही सापडलं’ हे वेगवेगळे मोज. न सापडणं ॲरेला सगळ्यात महाग, कारण शेवटपर्यंत जावं लागतं. आणि एकच एलिमेंट लाख वेळा शोधू नकोस, प्रोसेसर ते पाठ करून टाकतो. खऱ्या ढेऱ्यांचा डेटा मिसळून दे.

इतकं सगळं सांगितल्यावर आता तुझ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर. तुझ्या खुणा मला वाचताना दिसलं ते हे: ‘आंबिया’, ‘मृग’, ‘बोली झाली’, ‘तोलाई बाकी’. अडत्या मनाला येईल ती खूण लिहीत नाही ना? यादी ठरलेली आहे, पंधरा-वीस असतील. मग तुला हॅशसेट नको आणि ॲरेही नको. त्यांचा एनम (ठरलेल्या किमतींचा प्रकार) कर आणि जावातला एनमसेट वापर. चौसष्टपर्यंत किमती असतील तर एनमसेट एका लाँगमध्ये एकेका बिटावर सगळं ठेवतो. शोधणं म्हणजे एक बिट बघणं, दोन सेटांतलं सामाईक काढणं म्हणजे एक अँड. एका ढेरीमागे एकच ऑब्जेक्ट, ३२ बाइट. तीन लाखांना ९६ लाख बाइट, दहा एमबीच्या आत. दुबार खूण पडूच शकत नाही, क्रम एनमच्या क्रमाने कायम, आणि एकही ओळ तुला स्वतः सांभाळावी लागत नाही. ‘बोली झाली पण तोलाई बाकी’ अशा ढेऱ्या शोधायच्या तर तीन लाख वेळा दोन बिट बघायचे. दोन्ही सिनिअरांना हे दाखव, वाद तिथेच मिटेल.

एकच सावधगिरी. डेटाबेसमध्ये एनमचा अनुक्रमांक किंवा तो लाँग साठवू नकोस. उद्या कोणी यादीच्या मध्ये नवी खूण घातली की जुन्या सगळ्या ढेऱ्यांच्या खुणा एक घर सरकतील. साठवताना नावच साठव, बिट फक्त मेमरीत.

खुणा खरोखर मोकळ्या असतील, अडत्या हवं ते लिहीत असेल, तरच ॲरेवाला लहान सेट लिही: क्रम टिकवणारा, नल करणारा, ३२ वर हॅशसेट होणारा. आणि कोडला हात लावायच्या आधी एक छोटी क्वेरी चालव: किती ढेऱ्यांना शून्य खुणा, किती ढेऱ्यांना एक, किती ढेऱ्यांना दोन, असं शेवटपर्यंत. आंबिया आणि मृग दोन्ही बहारांचा डेटा घे. शून्यवाल्या जास्त निघाल्या तर त्यांना नवा सेट देऊच नकोस, सगळ्यांना मिळून एकच न बदलणारा रिकामा सेट दे आणि पहिली खूण पडेल तेव्हा खरा बनव. आणि पंचवीस-तीस खुणांची एखादी ढेरी निघाली तर ती उघडून बघ, बहुधा तिथे खुणांच्या नावाखाली कोणीतरी शेरे लिहून ठेवलेत.